सातव्या करवतीचा नट

एक

मार्गशीर्षातल्या बुधवारी सकाळी हाफिज मिस्त्रीनं बाबूभाईच्या गोदामात सातवी करवत उघडली आणि त्याचं डोकंच फिरलं. करवतीचा नट चांगला होता. तीच तर आफत होती.

दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या कंपनीचं पत्र आलं होतं. चांद्यात घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांनी बाबूभाईकडून विजेवर चालणाऱ्या गोल करवती घेतल्या होत्या. पातं जागेवर धरून ठेवणारा जो नट असतो, त्याचा एक घाणा कंपनीत कच्चा निघाला. वापरता वापरता त्याचे आटे झिजतात, नट ढिला होतो आणि एक दिवस पातं सुटून समोरच्याच्या अंगावर येतं. कुठल्याशा गावी एका सुताराची तीन बोटं त्यात गेली होती. म्हणून तीनशे अकरा ते तीनशे सतरा नंबरच्या सात मशिनी परत मागवा, त्यांचे सात नट वेगळे बांधून पाठवा, असा हुकूम. खोट्या नटाची खूण म्हणजे त्याच्यावर चांदणीचा बारीक शिक्का. बदली मशिनींच्या नटावर दोन ठिपके. आणि त्याआधीचे जुने नट कोरे.

एवढं सोपं काम, पण महिनाभर हाफिजनं चांद्याचे उंबरे झिजवले. बाबूभाईकडून गेलेली प्रत्येक मशीन त्यानंच बसवलेली, त्यामुळे काढून आणायचे भोगही त्याच्याच वाट्याला. कोणी म्हणे, चालते ना, मग काऊन नेता? एकानं तर बायकोकरवी घरी नसल्याचा निरोप दिला, आणि आत करवत खुशाल गुरगुरत होती. बदलीच्या दोनच मशिनी आल्या होत्या, त्या सोमवारी लावून झाल्या. एकदाच्या साती मशिनी जमल्या, तर आता हे.

सहा मशिनींवर चांदणीचे नट होते. सातवी, नंबर तीनशे चौदा, तिच्यावर कोरा. त्याच्या खाचेत वाळलेलं हळदकुंकू बसलेलं होतं.

"सात मशिनी आल्या ना? सात नट लिव आन् मोकळा हो," बाबूभाई गादीवरून म्हणाला. "पार्सल शुक्रवारी जाते."

"नट बदलला हाय, बाबूभाई. तीनशे चौदाचा खोटा नट दुसऱ्या कोन्या मशीनवर फिरून राह्यला."

"कोणाच्या?"

"तेच तं मालूम नाई."

बाबूभाईनं पान तोंडात टाकलं. त्याचा प्रश्न संपला होता, हाफिजचा सुरू झाला होता.

दोन

तीनशे चौदा नंबरची मशीन पठाणपुऱ्यातल्या वारलू सुताराची. हाफिज पोचला तेव्हा दारात वारलूची बायको कमळा शेजारच्या शकुबाईच्या वाटीत चमचाभर दही घालत होती.

"थंडीत तिचं दही लागत नाई मिस्त्रीभाऊ," कमळा म्हणाली. "आमचं विरजण सासूबाईच्या हातचं. एकदा घरात आलं तं आजवर तुटलं नाई."

हाफिजला दह्यात रस नव्हता. तो तडक ओसरीत गेला. तिथं बदली मिळालेली नवी मशीन ओल्या सिमेंटच्या चौथऱ्यावर उभी होती. तीन दिवस सिमेंट सुकू द्यायचं, गुरुवारी दुपारी चारपर्यंत बटन दाबायचं नाही, अशी ताकीद हाफिजनंच सोमवारी देऊन ठेवली होती.

"वारलू, जुन्या मशीनचा नट कोणं बदलला?"

"म्या हात नाई लावला जी."

"मंग नट काय उडून गेला?"

"मले काय मालूम? मशीन खोलली तं ग्यारंटी खतम, असं कागदावर लिहून हाय. म्या कशाले खोलू?"

हाफिजच्या आता ध्यानात आलं. कंपनीनं ग्यारंटीच्या कागदावर छापलेल्या एका ओळीपायी वारलू खोटं बोलत होता. नवी मशीन परत नेतील ही भीती. कोणाचा तरी हात जायची वेळ आली आहे आणि हा बाप्पा कागद धरून बसलाय.

"तुझी नवी मशीन कोनी नेत नाई. कसम घेऊन सांगतो. फक्त नट कुठी गेला ते सांग."

वारलूनं रंध्याचं पातं अंगठ्यावर तपासलं, भिंतीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. "म्या हात नाई लावला," तो परत म्हणाला.

कोरा नट दोनच ठिकाणांहून येऊ शकत होता, आणि ते हाफिजला पाठ होतं. एक, गोंडपिपरीच्या पत्रू सुताराची जुनी मशीन. दुसरा, जटपुरा गेटजवळच्या गुणवंतरावांनी गेल्या साली जास्तीचा म्हणून मागून नेलेला एक सुटा नट.

"उद्या चालू करशील मशीन?"

"चार वाजता लाइन आली का लावतोच," वारलू म्हणाला. दुपारभर पॉवर हाऊस बंद असायचं, चारला गावात वीज परत यायची.

निघताना हाफिजनं सहज विचारलं, "सुतारकी कोनाकडे शिकला तू?"

वारलूच्या हातातला रंधा खाली पडला.

"पत्रूभाऊकडे," कमळाच आतून म्हणाली, आणि वारलूनं तिच्यावर डोळे वटारले.

तीन

गोंडपिपरीला जाणारी मोटर सकाळचीच. म्हणून त्या दिवशी हाफिजनं गुणवंतरावांचं दार वाजवलं. गुणवंतराव जंगलखात्यात आलापल्लीला हेडक्लार्क होते. पेन्शन घेऊन चांद्यात आल्यापासून मागच्या खोलीत हौसेनं सुतारकाम करत. त्या खोलीत प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती, आणि प्रत्येक चिठ्ठीखाली सही.

"सुटा नट, एक," असं लिहिलेला डबा त्यांनी उघडला. नट आत होता, कोरा, तेल लावलेला.

"माझ्याकडची वस्तू जागची हलत नाही, मिस्त्री. तुमच्या लोकांसारखं नाही." गुणवंतरावांनी तासभर ऐकवायची तयारी केली. "कंपनीचं पत्र वाचलं, दुसऱ्या दिवशी मशीन दुकानात आणून दिली. म्हणून बदलीसुद्धा पहिली मला. तुम्ही बसवलीत, मी उभा राहून तपासली. निष्काळजीपणा आढळला तर मी थेट मुंबईला लिहिणारा माणूस आहे."

"हो साहेब."

"पहिल्या मशीनच्या वेळी घरात केवढा आग्रह. हे आणा, ते लावा, असंच करतात. मी एक करू दिलं नाही. मशीन खराब निघाली ती कंपनीच्या चुकीनं. पण बायकांना कोण समजावणार?"

बायको म्हणजे सुगंधाबाई चहा घेऊन आल्या. लेक बाळंतपणाला यायची होती, आणि नव्या मशीनवर पहिलं लाकूड कापायचं ते पाळण्याचं, हे अख्ख्या आळीला माहीत होतं. सागवानाच्या फळ्या भिंतीला टेकवून तयार होत्या.

"काल ही एक दिवस माहेरी गेली, तर घरात चहापत्ती सापडेना," गुणवंतराव म्हणाले. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या नसाव्यात.

चहाच्या ताटात एक नवाकोरा लाकडी चाटू होता. दांड्याच्या शेंड्यावर इवलासा मासा कोरलेला. हाफिजला तो आवडला.

"सुरेख काम हाय, बाई."

सुगंधाबाईंनी चाटू उचलून पदराआड धरला. जायला वळल्या आणि दारात थांबल्या. "मिस्त्री, ते खराब नट ओळखायचे कसे हो?"

हाफिज सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच गुणवंतराव म्हणाले, "तुला काय करायचंय त्याचं? आत जा. उद्या बरोबर चार वाजता मशीन सुरू होईल. चार म्हणजे चार."

त्या आत गेल्या. हाफिजनं चहा संपवला आणि चडफडत घरी आला. बायकोला, कमरजहाँला, म्हणाला की ह्या गावात विचारलेल्या गोष्टीचं उत्तर सोडून सगळं मिळतं.

चार

गोंडपिपरीची मोटर दीड तास उशिरा सुटली आणि वाटेत पंक्चर झाली. हाफिज पोचला तेव्हा दीड वाजला होता.

पत्रूची करवत भातगिरणीला लागून असलेल्या छपरीत होती. गावात वीज नव्हती, तेव्हा गिरणीच्या ऑइल इंजिनाचाच एक पट्टा त्यानं भिंतीतून ओढून करवतीला जोडला होता. पत्रू उन्हात बसून चाटूच्या शेंड्यावर मासा कोरत होता. हाफिजनं सलाम-दुवाही केला नाही, सरळ पाना लावून नट काढला.

नटावर दोन ठिपके होते.

हाफिजनं तो उन्हात धरून पुन्हा पाहिला. हा बदली मशीनचा नट. अख्ख्या जिल्ह्यात बदलीच्या मशिनी दोन, आणि त्या दोन्ही चांद्यात. त्यातल्या एकीचा नट इथं गोंडपिपरीत काय करतोय?

"पत्रूभाऊ, हा कुठून आला? खरं सांगा. कालपासून लोकाईनं मले पागल करून सोडलं."

"खोटं कशाले बोलू?" पत्रू म्हणाला. "विरजण मागाले आले होते."

"कशाचं विरजण?"

"नव्या मशीनले चालत्या मशीनचा नट लावाचा असते. तिचा नवा नट आपल्या मशीनले. दह्यावानीच. चालत्या घरचं थोडं नेलं तं नवंबी चालते. वारलूनं मशीन घेतली तवा माहा नट नेला, त्याचा मले देला."

म्हणजे वारलूचा चांदणीचा नट वर्षभर इथं, पत्रूच्या मशीनवर फिरत होता. पत्रूच्या मशीनचा नंबर कंपनीच्या यादीत नाही, म्हणून त्याला पत्रही नाही.

"मंग तो आता कुठी हाय?"

"देला ना. मंगळवारी एक बाई आली होती, तिनं हा नवा आणला, तो नेला. नवऱ्याले सांगू नका म्हणे. नाव म्या इचारलं नाई, विरजण मागणाऱ्याले नाव इचारत नसतात. तसा नट जरासा ढिला वाटत होता, म्हणून म्या आट्यात सुतळी गुंडाळून देली."

"सुतळी?"

"घट्ट बसते."

गिरणीचं इंजिन धिम्या चालीचं, म्हणून वर्षभर निभावलं. चांद्यातली विजेची मोटार ह्याच्या चौपट वेगानं फिरते. झिजलेले आटे आणि सुतळी किती वेळ टिकणार? एक फळी निम्मी कापून होईपर्यंतसुद्धा नाही.

त्यानं हे सांगितलं तेव्हा पत्रूचा चेहरा उतरला. "माहा नट घेऊन कोनाचं वाईट नाई झालं आजवर," तो हळू म्हणाला. "वारलूले इचारा. त्याले तं आता दुसऱ्या मशीनलेबी पुन्हा लागत नाई. एका घरी विरजण एकदाच जाते."

पोस्टात तार करायला गेलं तर तारबाबू जेवायला गेलेला, कुलूप. तेवढ्यात सडकेवर चांद्याकडे निघालेला सागवानाचा ट्रक दिसला. हाफिजनं खिशातला तीनशे चौदाचा कोरा नट पत्रूच्या हातात कोंबला, दोन ठिपक्यांचा आपल्या खिशात टाकला आणि धावत सुटला.

पाच

ट्रक ओंडक्यांच्या वजनानं कण्हत चालला होता. ड्रायव्हरला घाई नव्हती. हाफिज दर मैलाला घड्याळ पाहत होता आणि दर मैलाला त्याला जास्त राग येत होता. वारलू ग्यारंटीला भ्याला, पत्रूनं रीत म्हणून नाव विचारलं नाही, बाबूभाईला पार्सल पाठवायचं होतं. ह्यातल्या एकानं एक वाक्य वेळेवर नीट सांगितलं असतं तर ही धावपळ कशाला झाली असती?

ट्रक पठाणपुऱ्याकडून गावात शिरणार. वारलूचं घर तिथंच, गावाच्या ह्या टोकाला. गुणवंतराव दुसऱ्या टोकाला, जटपुरा गेटपाशी. दोन्हीकडे चार वाजता बटन दाबलं जाणार, आणि चारच्या आत दोन घरं गाठणं शक्य नव्हतं. कमळा की सुगंधाबाई? काल रात्री कुणी विचारलं असतं तर त्यानं डोळे मिटून कमळाचं नाव घेतलं असतं. गुरूचं घर, दह्याचं विरजण, वारलूचा खोटेपणा, सगळं तिकडंच बोट दाखवत होतं.

पण एका घरी विरजण एकदाच जातं. वारलूच्या घरी ते आधीच पोचलं होतं, मग कमळा पुन्हा कशाला मागेल? शिवाय पत्रू म्हणाला, एक बाई. चेल्याच्या बायकोला कोणी एक बाई म्हणत नाही. आणि ती म्हणाली, नवऱ्याला सांगू नका. वारलूपासून लपवायचं कारणच काय होतं? लपवावं लागतं ते रीत न मानणाऱ्या नवऱ्यापासून.

मग हाफिजला तो मासा आठवला. पत्रूच्या हातातल्या चाटूवरचा आणि चहाच्या ताटातल्या चाटूवरचा. मंगळवारी माहेरी गेलेली बाई, चहापत्ती न सापडणारा नवरा. पहिली मशीन रीत न करता लावली आणि ती खराब निघाली. आता नव्या मशीनवर नातवाचा पाळणा कापायचा होता. सुगंधाबाईंनी रोज उभ्या राहून नवऱ्याचं काम पाहिलं होतं. नट कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे त्यांना सांगायला कोणी लागत नव्हतं. आणि काल दारात थांबून त्या खराब नटाची खूण विचारत होत्या. त्यांना तेव्हाच शंका आली होती.

पठाणपुरा गेटपाशी ट्रक थांबला. चारला सात मिनिटं होती. हाफिजनं पानवाल्याची सायकल मागितली, त्यानं हो म्हणायच्या आत तिच्यावर टांग टाकली. दहा पावलं गेला असेल नसेल तोच पानठेल्यावरचा दिवा लागला. आज लाइन लवकर आली होती.

आणि डाव्या हाताच्या गल्लीतून, वारलूच्या ओसरीतून, करवत सुरू झाल्याचा आवाज आला.

हाफिजनं ब्रेक दाबला. आपला अंदाज चुकला असेल तर? गल्लीत वळलं तर अर्ध्या मिनिटात वारलूपाशी पोचता येत होतं. त्यानं मनात एकदा सगळं परत जुळवलं, मान खाली घातली आणि सायकल सरळ जटपुऱ्याकडे हाणली.

सहा

वीज आलेली असूनही गुणवंतराव थांबले होते, कारण चार म्हणजे चार. शेजारचे दोघं-तिघं पाहुणे मागच्या खोलीत उभे. गुणवंतरावांच्या एका हातात खिशातलं घड्याळ, दुसरा हात बटनावर. पाळण्याची पहिली फळी पात्यासमोर लावलेली. सुगंधाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

हाफिज तसाच आत घुसला आणि त्यानं मोटारीची वायर उपटली.

"हा काय प्रकार आहे?" गुणवंतराव म्हणाले.

हाफिजनं पात्याच्या नटाला हात घातला. पाना लागलाच नाही. नट दोन बोटांनी फिरला, आणि त्याच्याबरोबर सुतळीचा तुकडा खाली पडला. त्यानं नट फळीवर ठेवला. चांदणीचा शिक्का सगळ्यांना दिसत होता.

गुणवंतरावांनी चष्मा लावून तो पाहिला. मग पात्याकडे पाहिलं, आणि पातं सुटलं असतं तर ते कुठे गेलं असतं तिकडे, म्हणजे स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"ह्या घरात हा नट कसा आला?" ते म्हणाले. "सोमवारी मी स्वतः तपासला होता. कोणी आणला?"

नवऱ्याचा जीव आपल्या हातून जाता जाता राहिला, हे सुगंधाबाईंना कळून चुकलं होतं. आता पाहुण्यांसमोर ते बोलायचं बाकी होतं, आणि त्या बोलणार होत्या. त्यांनी चौकट सोडून एक पाऊल पुढं टाकलं.

दोन दिवस हाफिज खोटं बोलणाऱ्यांवर जळत होता. क्षुल्लक कारणासाठी माणसं खोटी बोलतात, म्हणून त्यानं वारलूला मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या होत्या.

"माझी चूक, साहेब," तो म्हणाला. "सोमवारी तुमी तपासलं, मंग म्या पातं पुन्हा काढलं होतं, तेल द्याले. काढलेल्या नटांच्या खोक्यात हात चुकला. आज ध्यानात आलं म्हणून पळत आलो."

सुगंधाबाई जागच्या जागी थांबल्या.

"हात चुकला," गुणवंतराव म्हणाले. कोणावर तरी चिडायला मिळाल्यानं त्यांना बरं वाटत असावं. "माणूस मेला असता, मिस्त्री."

"हो साहेब."

"मी मुंबईला लिहिणार."

"लिहा साहेब."

हाफिजनं खिशातून दोन ठिपक्यांचा नट काढला आणि पाना लावून कसून बसवला. मग तो उभा राहिला आणि गुणवंतरावांकडे न पाहता दाराकडे पाहून म्हणाला, "हा नट पक्का हाय. कंपनीचाच. आन् मंगळवारपासून एका चालत्या मशीनवर फिरून आला हाय."

गुणवंतरावांना त्यातलं फक्त पहिलं कळलं. सुगंधाबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि आत गेल्या. चार वाजून वीस मिनिटांनी पाळण्याची पहिली फळी कापली गेली, सरळ, एका रेषेत.

शुक्रवारी सात नट पुडीत बांधून पार्सल झालं. गुणवंतरावांचं दोन पानी पत्रही त्याच डाकेनं गेलं. त्याची नक्कल त्यांनी दुकानात आणून दिली होती, सही करून. बाबूभाईनं ती दोनदा वाचली.

"तीस साल में तेरा हात कधी चुकला नाई," तो म्हणाला. "मंग हा सातवा नट कुठी भेटला, हाफिज? मले तरी सांग."

"खोक्यात."

बाबूभाईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि नक्कल गादीखाली सरकवून टाकली.

संध्याकाळी हाफिज घरी आला तर कमरजहाँ ओट्यावर झाकलेली वाटी घेऊन बसलेली.

"जटपुऱ्याहून कोन्या बाईनं पाठवलं," ती म्हणाली. "निरोप काही नाई. नुसतं दही हाय. लगेच खाता का?"

हाफिजनं झाकण काढून पाहिलं. दही घट्ट लागलेलं होतं, आणि वर एक नवा चाटू ठेवला होता, शेंड्यावर मासा कोरलेला.

"खाऊ," तो म्हणाला. "पन सगळं संपवू नको. चमचाभर मागं ठेव."